तिसऱ्या गाण्यातला कोंबडा

जायाव, शिलाँग
रविवार, १० नोव्हेंबर २०१९

प्रिय बाह किट,

खुब्लेई. आम्ही सगळे बरे आहोत. तू, वहिनी आणि मुलं बरी असाल अशी आशा करते. आशाच करावी लागते, कारण फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरं’ यांच्या पुढे जात नाहीस, वहिनीची मिझो मला कळत नाही आणि माझी खासी तिला. म्हणून पत्र. पत्रात तुला मध्येच ‘रेंज गेली’ म्हणता येत नाही.

पावसाळ्यात छप्पर पुन्हा रंगवून घेतलं. लालच. चेरी फुलली आहे, त्यामुळे पर्यटक भर रस्त्यात उभे राहून फोटो काढतात आणि गाड्या तुंबतात. परवा शाळेतून येताना अशा एका गृहस्थाला मी गाडीच्या खिडकीतून नागरिकांच्या कर्तव्यांवर भाषण दिलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी माझाच फोटो काढला. शाळा ठीक. सभा चालू. वस्तीच्या पंचांच्या दरबारात बायकांना नुसतं बसायला नाही, बोलायलाही मिळालं पाहिजे, हे मी अजून सांगतेच आहे आणि ते अजून माना डोलावून विसरतातच आहेत. माझा घसा शाबूत आहे, काळजी नसावी.

आता खरी बातमी. बसून वाच.

घोडा परत आला आहे.

हो, तोच. आपल्या कॅसेटचं खरं नाव आपल्याला कधीच माहीत नव्हतं, तू तिच्यावर शाईने घोडा काढलास आणि तेच नाव पडलं. आता ती कॅसेट नव्हे, मूळ तबकडीच घरात आहे. काळी, जड, कागदी पाकिटात, आणि पाकिटावर तो घोडा, नाकपुड्या फुगवलेला. तुझ्या चित्रातला घोडा गाढवासारखा दिसायचा हे मी तेव्हाही म्हणत होते. आता पुरावा मिळाला.

कुणी आणली ते पुढे सांगते. घाई करू नकोस.

मी ती लगेच लावली नाही. आधी लाल चहा केला, तांदळाचे पुथारो गरम केले, खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि मग मनातल्या मनात आपली कॅसेट पहिल्यापासून ऐकली. ती कशी तयार झाली हे मी इतक्यांना इतक्या वेळा सांगितलं आहे की मी तिथे नव्हते हेच विसरायला होतं. बाह ड्रोस्वेल जहाजावरची नोकरी सोडून आलेला. त्याच्याकडे ती तबकडी, पण तो ती कुणाला हात लावू देईना. शेवटी म्हणाला, ये, एकदाच वाजवतो, तुला काय टेप करून घ्यायचं ते घे. त्याच्या घरात विजेचं भोक एकच, त्यात त्याचा रेकॉर्ड प्लेअर. म्हणून आपला टेप सेलवर. आणि सेल कुठले? आईने टॉर्चमधून काढून ‘अजून थोडा जीव आहे यात’ म्हणून डब्यात जपून ठेवलेले! तू गेलास एकटाच. माझी चर्चमध्ये कॉयरची तालीम होती. पुढच्याच आठवड्यात ड्रोस्वेलने तबकडी विकून टाकली, आणि अख्ख्या जायावमध्ये घोडा म्हणजे तुझी ती कॅसेट, एवढंच उरलं. तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून दहावी.

तुला आठवतं ना, त्या बाईचा आवाज? पहिल्या गाण्यात जाडसर, मग चढत चढत शेवटच्या गाण्यात असा काही वर जायचा की वाटायचं, आता ही छप्पर फोडून बाहेर पडणार. आणि तिथेच, शब्दाच्या मध्यात, धाडकन शांतता. काय शेवट होता! आपला बँड हॉलमध्ये तो तसाच वाजवायचा. तू तारांवर पंजा मारायचास, मी हात वर करून तोंड मिटायचे, आणि श्वासभर शांतता झाली की लोक छपराचे पत्रे हलवायचे. आणि तिसऱ्या गाण्यातला कोंबडा! संथ जागेत तो आरवायचा. पातळ, चिरका आवाज, कोंबड्याचा कमी आणि कोंबडीचा जास्त. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “कोंबडी आरवतेय! बंद करा ते, जग बुडेल!” आपण म्हणायचो, काय कल्पक लोक आहेत, गाण्यात कोंबडी घातली. मौखारच्या बँडमधल्या पोरांनी तर ते गाणं वाजवताना आरवायला एक खास माणूस ठेवला होता. त्याचं नाव पोस्टरवर असायचं.

तर मी तबकडी लावली.

किट, तो पुरुष आहे.

चांगला जाड मानेचा, बिअर पिऊन घसा बसलेला इंग्रज पुरुष. पहिलं गाणं सुरू झालं आणि मला वाटलं, बाई आजारी आहे. दुसऱ्यात वाटलं, प्लेअर बिघडला. तिसऱ्यात संथ जागा आली, मी कोंबड्यासाठी कान टवकारले, आणि कोंबडा आलाच नाही! तो ड्रोस्वेलचा कोंबडा होता, त्याच्या अंगणातला! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईचे ते मेलेले सेल. भरताना टेप हळू हळू फिरत गेला, आणि घरी विजेवर लावल्यावर तेच सगळं पळायला लागलं. पुरुषाची बाई झाली. कोंबड्याची कोंबडी झाली. शेवटी सेलने प्राण सोडला, आणि त्याला आपण कला समजलो.

मी इतकी हसले की शेजारीण काँग धावत आली. तिला वाटलं, मला झटका आला. तिला सांगितलं, तर तीही कठड्याला धरून हसत बसली. तिनेही तीच कॅसेट ऐकून लग्नाआधी केस कापले होते!

आणि मग हसू ओसरल्यावर मी विचारात पडले. मी जिच्याकडून आवाज चढवायला शिकले, ती बाई जगात कधी नव्हतीच. मी पंधरा-सोळा वर्षांची पोर, कॉयरमध्ये मागच्या रांगेत तोंडातल्या तोंडात गाणारी. ती ऐकली आणि वाटलं, कुठेतरी एक बाई एवढ्या मोठ्याने बोलते आणि तिला कुणी ‘हळू’ म्हणत नाही, तर मी का नाही? पुढचं सगळं त्यातून आलं. हॉल, मग कॉलेजच्या निवडणुका, मग सभा. मी पुस्तकं पुष्कळ वाचली, मोठमोठ्या माणसांचे दाखले मला तोंडपाठ आहेत. पण ठिणगी कुठली म्हणशील तर टॉर्चचे उतरलेले सेल. आता मी रडू की अभिमान बाळगू? मी अभिमान बाळगायचं ठरवलं आहे. आणि एक गोष्ट बघ. अख्ख्या जायावमध्ये एकालाही शंका आली नाही. का यावी? जिथे घर बाईचं, कूळ बाईचं, बाजारातलं दुकान बाईचं, तिथे गाण्यातला आवाज तेवढा बाईचा नसेल असं कुणाच्या मनात येणार? दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक झाली असती तर दुसऱ्या दिवशी पकडली गेली असती. आपण ती जगलो.

आणि शेवटचं गाणं. ते तिथे थांबत नाही, किट. आपण जिथे धाडकन थांबायचो, त्याच्या पुढे आणखी कितीतरी आहे. ढोल गप्प होतात. एक गिटार हळूच काहीतरी विचारते. थोड्या वेळाने दुसरी उत्तर देते. मग पहिली पुन्हा. भांडून दमलेली दोन माणसं पायरीवर येऊन बसावीत, तसं. तो जाड मानेचा गृहस्थ नुसता गुणगुणतो. बस.

मी ते तीन वेळा ऐकलं. मग प्लेअर झाकून ठेवला.

आता तबकडी कुणी आणली ते. तिचं म्हणजे असं की, दाफीचा एक मित्र आहे. बानतेइलांग नाव. बान म्हणतात. पशुवैद्य आहे, मावफ्लांगकडचा. हात मोठे, बोलणं कमी. तुझ्यासारखा, पण चेहरा बरा. दाफीने त्याला घोड्याची गोष्ट सांगितली असणार, कारण या पठ्ठ्याने नाव माहीत नसताना नुसत्या घोड्याच्या चित्रावरून जगभर शोधून ती मागवली. माझ्यासाठी. आता मला सांग, कुणी माणूस मैत्रिणीच्या आईसाठी एवढं उगाच करतो का?

नाही करत. ते लग्न करणार आहेत.

कूळ तपासून झालं, काही अडचण नाही. गेल्या रविवारी त्याच्याकडचे आले होते. त्याचा मामा, बाह सायलेंट. आईबापांनी नाव सायलेंट ठेवलं आणि त्याने आयुष्यभर त्याचा सूड घेतला. क्वायचा विडा तोंडात टाकून असा काही बोलतो की मी, चक्क मी, घड्याळाकडे पाहायला लागले. सगळं ठरत आलं आणि तो म्हणाला, “तर मग काँग, बोलणीच्या दिवशी तुमच्या बाजूने कोण बोलणार?”

मी म्हणाले, “मी.”

तो हसला. “तुमचं बोलणं सगळ्या शिलाँगने ऐकलंय. माझी बायको तुमच्या सभेहून आली की दोन दिवस मला चहा देत नाही. पण जुनी माणसं काय म्हणतात? कोंबडी आरवली की जग बुडतं.”

“बाह,” मी म्हणाले, “जग बुडवायला आजवर कोंबडे पुरे पडलेत. कोंबडीला एकदा संधी देऊन बघा.”

सगळे हसले. तोही हसला. मनाने चांगला आहे. पण जाताना दारात म्हणाला, “काँग, तुमच्यापुढे मी हरेन, ते वेगळं. पण मुलीचा मामा नसलेली बोलणी म्हणजे कातडं नसलेला ढोल. भाऊ आहे ना तुम्हाला?”

त्याला मी धुऊन काढलं असतं. उत्तर तयार होतं. पण भांडी आवरताना दाफी म्हणाली, “आई, तू त्यांना हरवशील हे मला माहीत आहे. मला जिंकायचं नाहीये. मला मामा हवाय.”

तू गेलास तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिला काय आठवतं सांगू? चहाच्या पेटीच्या फळ्यांचा तू जो स्पीकर केला होतास, त्यावर तिला बसवून तू जाड तार छेडायचास आणि तिच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. म्हणते, मामा म्हणजे पोटात वाजणारा माणूस.

घराबद्दल आता लिहावंच लागेल. मी तेव्हा जे म्हणाले ते आजही म्हणेन. आई गेल्यावर घर धाकट्या मुलीकडे येतं, ते तिचं होत नाही, तिने ते सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं असतं. मागची खोली तुझी होती. तुला ती नावावर हवी होती. मी म्हणाले, घराचे तुकडे होत नाहीत. तू म्हणालास, “म्हणजे मी पाहुणा. पाहुण्याने वेळेवर निघावं.” आणि निघालास, असा शब्दाच्या मध्यात. मी बरोबर होते, किट. पण इतकी वर्षं बरोबर असूनही मी त्या खोलीत दुसरं काही ठेवू शकले नाही. स्पीकर तिथेच आहे. बान लग्नानंतर आपल्याकडे राहायला येईल, त्याला मी वरची खोली दिली आहे. त्याने विचारलं, मागची का नको, मोठी आहे. मी म्हणाले, तिथे माणूस राहतो.

बोलणी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी. नियमाला मामा लागतो म्हणून मी लिहीत नाहीये. नियम नसता तरी लिहिलं असतं.

नाही, हे सभेतलं वाक्य झालं. नियम नसता तर माझं धाडस झालं नसतं. आयुष्यभर ज्या नियमांशी भांडले, त्यातल्या एकाने मला तुला पत्र लिहायचं निमित्त दिलं. त्याचे मी उपकार मानते, पण हे कुणाला सांगू नकोस.

ये.

बोलून बोलून न दमणारी, आज मात्र दमलेली,
तुझी धाकटी हेप
थेइलिन

•

ऐजॉल
२२ नोव्हेंबर

हेप,

पत्र मिळालं. बायकोला मिझोत वाचून दाखवलं. आरवणाऱ्या माणसाचं नाव पोस्टरवर असायचं तिथे ती हसली. दाढीवाल्या जाड मानेच्या इंग्रजापाशी मी हसलो. दाढी तू लिहिली नव्हतीस. पण त्याला होती. पाकिटाच्या मागे फोटो आहे, बघ.

मी तिथे होतो, हेप. तू विसरलीस.

मी ड्रोस्वेलच्या घरी ते सगळं नीट ऐकलं होतं. पुरुष होता. कोंबडा अंगणात होता, मी त्याला दोनदा हाकललं. घरी येऊन टेप लावला तर सगळं पळायला लागलेलं. वाईट वाटलं. कॅसेट पुसून कॉयरचं काही भरावं असं मनात होतं. तेवढ्यात तू तालमीहून आलीस. स्तोत्रांचं पुस्तक हातात. दारातच उभी राहून ऐकलंस आणि म्हणालीस, “ही बाई कोण?”

मी सांगणार होतो की बाई नाही, सेल गेलेत. पण तोवर तू टेबलावर चढली होतीस.

मग रोज ठरवायचो, उद्या सांगू. तू रोज आदल्या दिवसापेक्षा मोठ्याने ओरडायचीस. म्हटलं, राहू दे. सांगितलं असतं तर खाली उतरली असतीस.

शेवटही मी ऐकला होता. दोन गिटारी लागतात त्याला. आपल्याकडे एकच होती. म्हणून तुटलेला शेवट बरा होता.

खोलीचं. इथे घर माझ्या नावावर आहे. दारावर पाटी आहे. ती पुसावी लागते. बाकी फरक काही नाही.

मुलीला पोटात गुदगुल्या व्हायच्या हे मला माहीत नव्हतं. ती हसायची ते तिला माझं वाजवणं आवडतं म्हणून, असं मला वाटायचं.

बोलणीला येतो. पण मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे. तुझा तो सायलेंट मला अर्ध्या क्वायमध्ये गुंडाळेल. तर मी असं करणार. मामा म्हणून उठणार, क्वाय फिरवणार आणि एकच वाक्य बोलणार: ‘आमच्या घराच्या वतीने माझी बहीण बोलेल.’ मग खाली बसणार. मामाचा शब्द मोडता येत नाही. मग तुला हवं तेवढं आरव.

माझ्या दुकानात मी यंदा एक गिटार बनवली आहे. माझी मोठी मुलगी वाजवते. आम्ही दोघं येतो, दोन्ही गिटारी घेऊन. बायको लग्नाला येईल. तबकडी झाकूनच ठेव, आधी आम्ही वाजवतो. शेवटासकट.

मागच्या खोलीतल्या गादीला ओल लागते. उन्हात टाक.

किट

•

जायाव, शिलाँग
३ डिसेंबर

प्रिय बाह,

फोटो पाहिला. दाढी आहे.

तुझं पत्र दाफीने मोठ्याने वाचलं. टेबलावर चढण्यापाशी मी उठून परसात गेले. परत आले तेव्हा बान आणि ती दोघं माझ्याकडे बघत होती, मी काय बोलते म्हणून. मी काहीच बोलले नाही. बान म्हणाला, आजची तारीख कुठेतरी लिहून ठेवूया. जावई बरा निघेल असं दिसतंय.

तू इतकी वर्षं गप्प राहिलास, किट. मला वाटायचं, तुला बोलता येत नाही. आता कळतंय की माझी सगळी भाषणं तुझ्या त्या एका गप्प बसण्यावर उभी आहेत. हे वाक्य मी कुठल्याही सभेत म्हणणार नाही. हे तुझं.

बाह सायलेंटला निरोप दिला आहे की मुलीचा मामा येतोय आणि तो स्वतःच बोलणार आहे. बिचारा खूश झाला. म्हणाला, “बघा काँग, शेवटी रीत ती रीत.” मी मान खाली घालून ‘हो’ म्हणाले. त्याच्या बायकोला मात्र खरं काय ते सांगितलं आहे. ती पहिल्या रांगेत बसणार आहे.

सुक्या मासळीची तुंगताप करून ठेवते, तिकडे तुला आपल्यासारखी मिळत नसणार. मुलीला तिखट चालतं का ते कळव. स्पीकर पुसला. वाजतो. दाफी त्यावर बसून बघणार म्हणते आहे, नवरी असली म्हणून काय झालं.

आज इथे ढग आहेत, दोन दिवस ऊन नाही. पण मी तुझी गादी अंगणात काढून ठेवली आहे. ऊन आलं की पहिलं तिच्यावर पडेल.

वाट बघतेय.

तुझी कोंबडी,
थेइलिन